‘साध्या कागदावर राजीनामा लिहून घ्या’ असं कुणी सुचवलं तर

पत्र: नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. बावीस माणसं आहेत. तीन वर्षांपूर्वी मिस्टर गेले, तेव्हापासून मीच बघते. त्यांच्या वेळचा एक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर आहे, त्याला अकरा वर्षं झाली. हात चांगला आहे, पण गेल्या दीड वर्षात महिन्याला पाच-सहा खाडे, तेही न कळवता. दोनदा पिऊन आला. मागच्या महिन्यात त्याच्या मशीनचे २४० नग रिजेक्ट होऊन परत आले. सुपरवायझरने विचारलं तर सगळ्यांदेखत त्याला आईवरून शिवी दिली. मला तो ‘वहिनी’ म्हणतो, त्यामुळे मला काही बोलवत नाही. आमचे अकाउंटंट म्हणतात, साध्या कागदावर राजीनामा लिहून घ्या, नाही दिला तर सोमवारपासून गेटवर अडवा, कोर्टात जायची त्याची ऐपत नाही. मनाला हे पटत नाही आणि त्याला ठेवणंही परवडत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं ‘मला काही बोलवत नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दीड वर्षात त्या माणसाला तुम्ही एकदाही समोर बसवून, स्पष्ट शब्दांत, ‘हे असंच चाललं तर तुझी नोकरी जाईल’ असं सांगितलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. सांगितलं असलंच तर ते कागदावर नाही. तुमच्या मनाला जे खटकतंय ते हेच, आणि उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीशही पहिल्यांदा हेच विचारतील. त्यामुळे मनाचा मार्ग एक आणि कायद्याचा दुसरा, अशी ओढाताण इथे नाही.

आधी अकाउंटंटच्या सल्ल्याचं बघू. दबाव आणून लिहून घेतलेला राजीनामा कायद्यात राजीनामा ठरत नाही, नोकरीवरून काढणंच ठरतं. तेही विनाचौकशी. अकरा वर्षं झालेला माणूस एके दिवशी अचानक, कुठली दुसरी नोकरी हातात नसताना, एका ओळीचा राजीनामा देतो आणि दुसऱ्याच दिवशी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करतो, हे कुणाच्याही लक्षात येतं. गेटवर अडवणं तर त्याहून वाईट. ‘तो आलाच नाही, म्हणून मस्टरवरून नाव कमी केलं’ असा बचाव कारखानदार वर्षानुवर्षं करत आले आहेत. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, कंपनीच्या नियमात ‘आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपेल’ असं लिहिलेलं असूनही, कामगाराला मधल्या काळाच्या अर्ध्या पगारासह परत घ्यायला लावलं. त्याचं म्हणणं ऐकून न घेता नाव कमी केलं, एवढं कारण पुरलं. २०१३ साली औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात तर संपूर्ण मागील पगार द्यायला लावला. बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेणं आणि मधल्या काळाचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. ऐपतीचं म्हणाल तर त्याला कामगार अधिकाऱ्याकडे साधा अर्ज द्यायलाही पैसे लागत नाहीत. शिवाय तक्रार न्यायला त्याच्या हातात दोन वर्षं असतात.

मी एकतीस वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कार्मिक विभागात काढली. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी चौकशी अधिकारी म्हणून एका हेल्परची चौकशी केली. चोरीचा आरोप होता, साक्षीदार होते, माल सापडला होता. स्टोअरच्या मागच्या खोलीत दोन बैठकांत मी चौकशी उरकली. चार्जशीट इंग्रजीत, कारण साहेबांचा टायपिस्ट इंग्रजीच टाइप करायचा. त्या माणसाने प्रत्येक पानावर खाली सही केली. मोठं, एकेक अक्षर सुटं काढलेलं नाव, रेघेच्या खाली उतरत गेलेलं. चार वर्षांनी कामगार न्यायालयात न्यायाधीशांनी ती पानं उलटून मला विचारलं, ‘यांना इंग्रजी वाचता येतं का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची चौकशी तिथेच रद्द झाली, पुढे तो कामावर परत आला, कंपनीने पैसेही भरले. पण मला आजही बोचतं ते वेगळंच. त्याने खरंच काय केलं होतं, हे त्या खोलीत मी नीट विचारलंच नव्हतं.

आता तुमच्याकडे वळू. सीएनसी ऑपरेटर हा कायद्याने ‘कामगार’च, मग पगार कितीही असो. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त घेणारा माणूस या व्याख्येतून बाहेर पडतो. पण नुसतं पदाचं नाव ‘सुपरवायझर’ ठेवून उपयोग नसतो, दिवसभर तो प्रत्यक्षात काय करतो ते बघतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांचा) कायदा हे दोन्ही औद्योगिक संबंध संहितेत गेले. स्थायी आदेश आता ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना सक्तीचे आहेत. तुमच्या बावीस माणसांना ते लागू नाहीत, म्हणून ‘आम्हाला नियमच नाहीत’ असा समज करून घेऊ नका. नैसर्गिक न्याय सगळ्यांना लागू आहे: आरोप काय ते सांगा, उत्तर द्यायची संधी द्या, जो तक्रारदार त्यालाच न्यायाधीश करू नका. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादी केली होती, तशीच यादी नव्या संहितेतही आहे. सूड म्हणून काढणं, खोटं निमित्त काढून काढणं, चौकशी धाब्यावर बसवून घाईघाईने काढणं, किरकोळ चुकीला मोठी शिक्षा देणं, हे सगळं त्या यादीत बसतं. अकाउंटंटने सांगितलेले दोन्ही मार्ग त्यात कुठे बसतात ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

त्याला नियुक्तीपत्र दिलं आहे का, ते बघा. मिस्टरांच्या वेळी बहुधा तोंडीच ठरलं असेल. नियुक्तीपत्र आता सक्तीचं आहे, तेव्हा त्याला एकट्याला नव्हे तर सगळ्या बावीस जणांना द्या. सोबत वर्कशॉपचे नियम मराठीत एका पानावर लिहून बोर्डावर लावा: शिफ्टची वेळ, रजा कशी आणि कुणाला कळवायची, पिऊन आल्यास काय होईल, शिवीगाळ-मारामारीचं काय. पण हे नियम आज लावून मागच्या दीड वर्षाचा हिशोब त्याच्याशी करता येणार नाही. लावल्या दिवसापासून पुढचंच मोजायचं.

मग त्याला बोलवा. ऑफिसचं दार लावून घ्या, त्याला खुर्चीवर बसवा, सुपरवायझरला आत घेऊ नका. तो ‘वहिनी’ म्हणेल, म्हणू द्या. मस्टर समोर ठेवा आणि महिन्यामागून महिना त्याच्याच डोळ्यांनी त्याला खाडे मोजू द्या. आणि पहिला प्रश्न हा विचारा: ‘दीड वर्षापूर्वी काय झालं?’ साडेनऊ वर्षं नीट वागलेला माणूस उगाच बदलत नाही. बायकोचं आजारपण असेल, खासगी सावकाराचं कर्ज असेल, नुसती दारूच असेल. कदाचित साहेब गेल्यावर आपल्याला इथे कुणी विचारत नाही, असंही त्याला वाटत असेल. कारण कळलं म्हणजे माफ करायचंच असं नाही, पण ते न कळता काढलंत तर तुम्हालाच आयुष्यभर चुकचुकल्यासारखं राहील. त्याच दिवशी संध्याकाळी काय बोलणं झालं ते तारीख घालून लिहा आणि एक प्रत त्याला द्या. त्यात मुदत हवी. तीन महिने ठीक आहेत. अपेक्षाही मोजता येईल अशी हवी. ‘वर्तन सुधारावे’ या शब्दांना कोर्टात काही किंमत नसते. ‘न कळवता एकही खाडा नको, सकाळी सातच्या आत सुपरवायझरला फोन’, एवढं सरळ लिहा.

दारूचं मात्र तीन महिन्यांवर ढकलू नका. फिरत्या चकसमोर प्यायलेला माणूस म्हणजे बाही अडकायला एक क्षण पुरतो, आणि अपघात झाला तर त्याला मशीनवर का उभं केलं, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. त्या दिवशी त्याला कामाला लावायचंच नाही. पण ‘वास येत होता’ हा पुरावा नव्हे. दोन माणसांसमोर काय दिसलं ते लिहा: तोल जात होता, बोलणं अडखळत होतं, वेळ काय होती. शक्य असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला नेऊन तपासणी करून घ्या. मग कुणीतरी सोबत देऊन घरी सोडा, त्याची मोटरसायकल आवारातच राहू द्या. व्यसन आहे असं त्यानेच कबूल केलं तर उपचाराला रजा द्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, तिथून बरे होऊन पुन्हा मशीनवर उभे राहिलेले ऑपरेटर मी स्वतः पाहिले आहेत. उपचाराची संधी देऊन त्याने ती धुडकावली, तर तेही नोंदीत येतं.

रिजेक्शनबद्दल मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. २४० नग परत आले, पण ते त्याच्या हलगर्जीपणामुळेच, हे कशावरून? शिफ्टच्या सुरुवातीचा पहिला नग कुणी तपासून सही केली? इन्सर्ट (कापणारं पातं) कधी बदलला होता? ड्रॉइंगची नवी आवृत्ती त्याच्यापर्यंत पोहोचली होती का? त्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला किती नग खराब निघाले? ही उत्तरं नसतील तर हा आरोप त्याच्यावर लावूच नका. कच्चा आरोप पक्क्या आरोपांनाही खाली ओढतो. आणि नुकसान त्याच्या पगारातून परस्पर कापू नका, त्यालाही आधी नोटीस आणि म्हणणं ऐकणं लागतं.

शिवीचं तसं नाही. ती सगळ्यांदेखत झाली, साक्षीदार आहेत, त्या एकाच गोष्टीवर आजसुद्धा लेखी खुलासा मागता येतो. मात्र सुपरवायझरने आधी काय म्हटलं होतं तेही विचारून घ्या. शॉप फ्लोअरवर शिवी सहसा एकतर्फी नसते.

तीन महिन्यांत तो सुधारला तर? तर त्याला ठेवायची तुमची मनापासून तयारी हवी, ताई. काढायचं आधीच ठरवून नुसते कागद जमवायला दिलेली मुदत तो ओळखतो, आणि पुढे कोर्टही ओळखतं.

नाहीच सुधारला तर आरोपपत्र द्यायचं. मराठीत. ‘वारंवार गैरहजर’ असं मोघम नको, एकेक तारीख हवी. ‘उद्धट वर्तन’ नको, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणासमोर, कोणते शब्द, तो अपशब्द जसाच्या तसा लिहायचा, लाजायचं नाही. उत्तराला किमान आठ दिवस द्या. त्याने घ्यायला नकार दिला तर दोघांसमोर तसं लिहून स्पीड पोस्टाने घरच्या पत्त्यावर पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. निलंबन शक्यतो करू नका. मोठ्या कारखान्यात निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस अर्धा पगार आणि नंतर, उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तर, पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. तुमच्याकडे निलंबनाची तरतूदच कुठे लिहिलेली नाही, त्यामुळे त्याला घरी बसवलंत तर पूर्ण पगार द्यावा लागेल.

चौकशी तुम्ही करायची नाही, सुपरवायझरने तर नाहीच. बाहेरचा एखादा वकील किंवा माझ्यासारखा निवृत्त कार्मिक अधिकारी नेमा. कामगाराला सोबत सहकारी आणू द्या. तुमच्या साक्षीदारांना त्याला उलटप्रश्न विचारू द्या, त्याचे साक्षीदारही ऐका. मस्टरच्या, पत्रांच्या प्रती त्याला द्या. रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, आणि सही करण्याआधी ते मोठ्याने मराठीत वाचून दाखवणं. तो आलाच नाही तर एकदम एकतर्फी उरकू नका, पुढची तारीख कळवा, दोन-तीन संधी द्या. अहवाल आला की त्याची प्रत त्याला देऊन त्यावर आणि शिक्षेवर त्याचं म्हणणं मागवा. या टप्प्याला बरेच मालक कंटाळतात आणि नेमकं इथेच हरतात.

शिक्षा ठरवताना अकरा वर्षं समोर ठेवा. पुण्याच्या भारत फोर्जचं एक प्रकरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. २६ ऑगस्ट १९८३ ला सकाळी ११.४० च्या सुमारास एक हेल्पर लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. त्याला कंपनीने चौकशी करून काढलं. शेवटी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा योग्य ठरवली, आणि त्यात त्याच्या पूर्वीच्या तीन गैरवर्तनांची आणि तेव्हा दिलेल्या छोट्या शिक्षांची नोंद मोलाची ठरली. जिंकायलाही जवळपास बावीस वर्षं लागली, हे विसरू नका. तुमच्या माणसाच्या नावावर आज एकही ताकीद नाही. म्हणून पहिल्या चौकशीनंतर सरळ काढण्याऐवजी आधी लेखी ताकीद किंवा पगारवाढ रोखणं असं काही करता येतं का, ते बघा. हिंसा, चोरी, मशीनची मुद्दाम मोडतोड असेल तर गोष्ट वेगळी.

काही जण तुम्हाला ‘कपात’ दाखवायला सांगतील. एक महिन्याची नोटीस, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, विषय संपला. तो मार्ग काम खरोखर कमी झालं असेल तेव्हाचा आहे आणि त्यात सर्वांत शेवटी लागलेला आधी जातो. अकरा वर्षांचा जुना माणूस काढून कालची पोरं ठेवलीत आणि पुढच्या महिन्यात नवा ऑपरेटर लावलात, तर तो बनाव पहिल्याच तारखेला उघडा पडेल.

खरा वेगळा मार्ग हवा असेल तर तो समझोत्याचा आहे. त्याला स्वतःलाच बाहेर पडायचं असेल, तर देणं आहे त्याहून काही जास्त रक्कम देऊन, मराठीत करार करून, घरी नेऊन बायको-भावाला दाखवायला आठवडाभर वेळ देऊन, शक्यतो कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्यासमोर सह्या करा. साध्या कागदावरच्या राजीनाम्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण इथे त्याला ‘नाही’ म्हणता येतं.

कोणत्याही मार्गाने गेला तरी पैसे रोखू नका. वेतन संहितेनुसार काढलं असो की राजीनामा असो, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. शेवटचं वेतन समजा २०,८०० रुपये असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की १२,००० होतात, आणि अकरा वर्षांचे १,३२,००० रुपये. खाडे केले, उद्धट बोलला, म्हणून ही रक्कम जप्त होत नाही. त्याने केलेल्या नुकसानीपुरती ती कापता येते, किंवा मारहाण-दंगा आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी काढलं असेल तरच पूर्ण जाऊ शकते. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख लगेच टाका. त्याची मूळ कागदपत्रं कपाटात असतील तर ती तर आजच परत करा. आणि मध्येच तो आजारी पडून ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) आजारपणाचा लाभ घेत असेल, तर त्या काळात काढण्याचा आदेश देऊ नका, तो टिकत नाही.

सुपरवायझरलाही या आठवड्यात वेगळं बोलावून घ्या. सगळ्यांसमोर शिवी खाल्लेला तो आहे आणि मालकीणबाई गप्प आहेत, असं त्याला वाटत असणार. तुम्ही काय करणार आहात त्याचा तपशील सांगू नका, पण झालेल्या प्रकाराची त्याच्याकडून लेखी तक्रार मात्र घ्या. घटना ताजी आहे तोवर. महिना झाला की शब्द बदलतात, तारखा सरकतात, आणि साक्षीदारांपैकी एक जण तरी काम सोडून अंबडला दुसरीकडे लागलेला असतो.